तेलाच्या टाकीची कुळकथा

इंजिनाचं तेल कुठे ठेवायचं, हा प्रश्न रोजच्या मोटारीत कुणाला पडत नाही. इंजिनाच्या तळाशी चेंबर असतो, तेल तिथेच साचतं आणि पंप तिथूनच ते उचलतो. स्पोर्ट्‌स कार मात्र वळणं जोरात घेते. वळणावर बाहेर फेकणारा जोर गुरुत्वाकर्षणाइतका झाला, की चेंबरमधलं तेल ४५ अंशांनी कलतं. पंपाची नळी उघडी पडून हवा ओढू लागते. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांना वेगळं ठेवणारा तेलाचा पातळ थर तुटतो, धातूवर धातू घासतो आणि बेअरिंग जातं. अशा गाडीत तेलासाठी वेगळी टाकी बसवण्यामागे ही भीती आहे.

यावर निघालेली तोड म्हणजे ‘ड्राय संप’. चेंबरमध्ये तेल साचूच द्यायचं नाही. एक पंप तळाशी पडलेलं तेल उपसून टाकीत टाकतो, दुसरा ते टाकीतून दाबाने बेअरिंगांपर्यंत नेतो. उपसणाऱ्या पंपाची ताकद मुद्दाम जास्त ठेवतात, कारण त्याला तेलाबरोबर हवाही ओढावी लागते. ब्रिटिश मोटारसायकलींमध्ये ही रचना चांगली रुळली होती. अनेकींच्या सीटखाली तेलाची टाकी असे. आपल्याकडच्या जुन्या बुलेटमध्ये तर ही टाकी क्रँककेसच्या ओतकामातच सामावलेली होती.

मोटारींच्या बाबतीत १९५४ हे साल महत्त्वाचं. त्या वर्षी आलेल्या जॅग्वार डी-टाइपचं इंजिन उंच होतं. ड्राय संपमुळे खालचा खोल चेंबर गेल्याने ते खाली बसवता आलं, बॉनेट उतरलं आणि वाऱ्याला अडणारं अंग कमी झालं. १९५५, १९५६ आणि १९५७ अशी सलग तीन वर्षं ला मांची शर्यत या गाडीने जिंकली. त्याच १९५४ मध्ये मर्सिडीज-बेंझने ३०० एसएल लोकांसमोर आणली. तिचं इंजिन ५० अंशांनी कलतं बसवलेलं होतं आणि त्यालाही ड्राय संप होता. शर्यतीतली टाकी अशी विकत घेता येणाऱ्या गाडीत आली. तेल वाचवायला निघालेली युक्ती गाडीचा आकारही ठरवू लागली.

पुढचा धडा पोर्शने दिला. १९६३ साली फ्रँकफर्टला दाखवलेल्या ९११ चं इंजिन हवेने थंड होणारं होतं, त्यामुळे उष्णता वाहून नेण्याचं बरंच काम तेलावर होतं. टाकी होती मागच्या उजव्या चाकाच्या मागे. इंजिनही मागेच, म्हणजे शेपटीवर आधीच भार. तो थोडा पुढे सरकावा म्हणून १९७२ च्या मॉडेलमध्ये टाकी चाकाच्या पुढे आणली आणि तेल भरायचं झाकण उजव्या दाराच्या मागे, बाहेरच्या बाजूला दिलं. ते पाहून पेट्रोल पंपावरच्या काहींनी त्यात पेट्रोल ओतलं! १९७३ च्या मॉडेलमध्ये टाकी पुन्हा मागे गेली. वजनाचं गणित बरोबर होतं, पण टाकीचं तोंड कुठे उघडतं याचाही विचार व्हायला हवा होता.

आज लोटस सेव्हन या छोट्या स्पोर्ट्‌स कारच्या धर्तीवर गाडी बांधणाऱ्यासमोर हेच प्रश्न उभे राहतात. स्टीअरिंगचा दांडा, एक्झॉस्ट आणि पेडलं यांच्यामधून उरलेली जागा ओंजळभर. म्हणून आधी पुठ्ठ्याचा साचा कापायचा, तो बसवून पाहायचा आणि मग त्यावरून ॲल्युमिनियमचा पत्रा कापून वेल्डिंग करायचं. पण इथे जागेपुढे सगळंच सोडून चालत नाही. टाकी उंच आणि अरुंद हवी. परतणारं तेल वरच्या बाजूने भिंतीला घासत आत शिरलं, की गोल फिरत खाली उतरतं. त्यातली हवा सुटते आणि वरच्या श्वासनळीतून बाहेर पडते. पंपाकडे जाणारी नळी अगदी तळातून निघावी आणि तिला तीव्र वाकण नसावं.

जागा मिळते म्हणून टाकी आडवी, पसरट केली, तर वळणावर तेल तिच्यातही एका बाजूला चढतं आणि नळी पुन्हा उघडी पडते. मग ज्या दोषावर उपाय म्हणून ही टाकी आली, तोच आपण खर्च करून नव्या जागी बसवलेला असतो. टाकीचं तोंड, तिची बाजू, लांबीरुंदी यांत तडजोड करता येते. उंचीत शक्यतो करू नये.