शेकीचा त्रिकोणी तक्ता

उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत माझी ३५ वर्षं गेली. आमचे फोरमन सकाळी काम लावून देत. पण त्यांची खरी किंमत दुपारी कळे. फिरता फिरता एखाद्या साच्यापाशी थांबून ते विचारत, "इथनं पुढं काय राहिलंय?" किती झालं, हे त्यांनी कधीच विचारलं नाही. निवृत्तीनंतर यंत्रमानवांचा इतिहास चाळताना हाच प्रश्न मला पुन्हा भेटला.

कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथं, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, १९६६ ते १९७२ या काळात 'शेकी' घडला. चालताना थरथरे, म्हणून शेकी. चाकांवरचा मनोरा, वर टीव्ही कॅमेरा, आणि धडक कळावी म्हणून मांजराच्या मिशांसारख्या तारा. मेंदू मात्र अंगात नव्हता. दुसरीकडच्या मोठ्या संगणकाशी त्याचं रेडिओवरून बोलणं चाले.

रिचर्ड फाइक्स व निल्स निल्सन यांनी १९७१ साली 'स्ट्रिप्स' ही योजना आखणारी प्रणाली मांडली. कोणत्या दारातून जायचं, कोणती पेटी ढकलायची, याची क्रमवार यादी ती करी. यादी झाली, पण चाक घसरे, पेटी तिरकी होई, आणि संगणकाच्या नकाशात मात्र सारं जागच्या जागी!

१९७२ साली या दोघांनी पीटर हार्ट यांच्यासह त्यावर तोड मांडली: त्रिकोणी तक्ता. एखाद्या पायरीपासून काम तडीस जायला त्या क्षणी काय काय खरं असायला हवं, हे त्यात मांडलेलं असे. 'प्लॅनेक्स' हा देखरेख्या तो तक्ता शेवटाकडून वाची. साध्य आधीच साधलंय? मग थांबा. नाही? मग शेवटच्या पायरीपुरती तयारी आहे? तर तेवढीच करा. असं मागं मागं यायचं. नशिबानं काम पुढं सरकलं असेल तर मधल्या पायऱ्या गळत, बिघडलं असेल तर जुनी पायरी पुन्हा होई, आणि काहीच जुळलं नाही तर नवी योजना. आमच्या फोरमनना हे कुणी शिकवलं नव्हतं.

पण देखरेख्याच अडला तर?

'नासा'च्या 'डीप स्पेस १' यानावर मे १९९९ मध्ये 'रिमोट एजंट' ही प्रणाली चालवली गेली. योजना आखणं, ती पार पाडणं, आणि उपकरणांची अपेक्षित व प्रत्यक्ष स्थिती ताडून दोष हुडकणं, सारं यानावरच. १८ मे रोजी ठरल्या वेळी इंजिन बंद व्हायला हवं होतं, झालं नाही. योजना राबवणाऱ्या भागातले दोन धागे एकमेकांची वाट पाहत बसले होते. आपण थांबलो आहोत, हे त्या प्रणालीला उमगलं नाही. उमगलं ते पृथ्वीवर बसलेल्या माणसांना. गंमत म्हणा की दुर्दैव, याच जातीचा दोष १९९७ साली याच प्रणालीच्या दुसऱ्या भागात तपासनीसांना सापडला होता आणि तिथं तो दुरुस्तही झाला होता.

२१ मे रोजी प्रयोग पुन्हा सुरू केला. यंत्रणेपुढं मुद्दाम खोटे बिघाड उभे केले. ते सगळे तिनं निस्तरले.