आडनावातील अपॉस्ट्रॉफी

मळवली स्थानकावर उतरले म्हणजे एका बाजूस भाजे व दुसऱ्या बाजूस कार्ले अशी दोन प्राचीन लेणी लागतात. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर दात्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. त्यांतील कित्येक दाते धेनुकाकट येथील ‘यवन’ होत. खांब कोणाचा, हे सांगण्यासाठी कोरणाऱ्याने ‘यवनस’ असे लिहिले. हा ‘स’ प्राकृतातील षष्ठीचा प्रत्यय, म्हणजे आपला ‘चा’.

हे लेख आम्हांस आठवले ते एका किरकोळ पेचामुळे. मळवलीकडील एक कुटुंब मुलीच्या विवाहासाठी बाप्तिस्म्याचा दाखला मागावयास आले. आमच्या जुन्या नोंदवहीत ‘डिसोझा’ हे आडनाव रोमन लिपीत, ‘डी’ या अक्षरानंतर वर एक आकडी घालून लिहिलेले होते. शाळेच्या दाखल्यात ती आकडी नव्हती. आधारपत्रावर तिच्या जागी मोकळी जागा होती. “फादर, यांतले खरे कोणते?” मुलीच्या वडिलांनी विचारले.

या आकडीचे नाव अपॉस्ट्रॉफी. गळलेल्या अक्षराची ती खूण. संस्कृतात लोपलेल्या ‘अ’साठी अवग्रह आहे, तशीच. मुळात ती ग्रीक हस्तलिखितांतली. 1501 साली व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउसने पेत्रार्काच्या काव्याच्या छापील आवृत्तीत ती वापरली आणि त्या शतकात ती फ्रेंच व इंग्रजी पुस्तकांत शिरली. इंग्रजी षष्ठीतील आकडीही जुन्या ‘एस्’ प्रत्ययातील गळालेल्या स्वराचीच आठवण होय.

आमची आडनावे मात्र पोर्तुगीज. त्या भाषेत ‘द’ म्हणजे ‘चा’. स्त्रीलिंगी नामापूर्वी ‘दा’. ‘दा क्रूझ’ म्हणजे क्रूसाचा. संत फ्रान्सिस झेवियर 1542 साली ज्यांच्यासमवेत गोव्यास आले, ते गव्हर्नर मार्तीं आफोंसु द सोझा. संत जॉन द ब्रिटो (1647–1693) हेही असेच. या नावांत पोर्तुगीज लेखनाप्रमाणे आकडी नाही, कारण व्यंजनापुढे स्वर गळतच नाही. इंग्रजी अमदानीतील कागदपत्रांत ‘द’ आणि ‘दा’ दोन्ही एका ‘डी’त आवळले गेले, आणि आकडी रूढ झाली. आम्ही तिला पूर्वजांची ठेव समजून जपतो! देवनागरीत येताच ती निमूटपणे गळून पडते आणि कोणाचे काही अडत नाही.

ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ ‘वळणे’ असा आहे. म्हणून एका अलंकारासही तेच नाव मिळाले: वक्ता श्रोत्यांकडून तोंड वळवून अनुपस्थिताला वा निर्जीवाला हाक मारतो. शौल व योनाथान पडल्यावर दावीद गिलबोवाच्या डोंगरांना बोल लावतो; गोविंदाग्रज महाराष्ट्र देशालाच संबोधितात. हा अलंकार मराठीला कोणी शिकवावा लागला नाही. ‘हे’, ‘अगा’, ‘अहो’ आणि संबोधनाचा ‘नो’ तिच्यापाशी होतेच. उपासनेत वाचन करणाऱ्यांस आमची एवढीच विनंती की दाविदाच्या त्या ओळी सभेस बातमी सांगावी तशा वाचू नयेत. तेथे आवाज डोंगरांकडे वळला पाहिजे.

मुलीच्या वडिलांस आम्ही सांगितले की तिन्ही रूपे एकाच घराची आहेत. नोंदवहीतील मूळ नोंद खोडली नाही. दाखल्यावर मात्र इतर दोन्ही रूपांचा उल्लेख करून सही व शिक्का दिला. लग्नपत्रिका मराठीत छापावयाची होती. तीत ‘डिसोझा’ असे सरळ आले.