चंद्रकळा

चंद्रकळा : महाराष्ट्रातील स्त्रियांचे काळ्या रंगाचे पारंपरिक लुगडे. ‘चंद्राची कला’ हा या नावाचा मूळ अर्थ होय. अंग काळे व काठ बहुधा लाल अशी त्याची ठेवण असून ते सुती वा रेशमी असते. नऊवारी लुगड्याची लांबी सु. ८·२ मी. भरते. सुती चंद्रकळा मळखाऊ असल्याने नित्याच्या कामाला सोयीची. रेशमी चंद्रकळा खणाच्या चोळीसह सणावारी नेसली जाई.

कृत्रिम रंग येण्यापूर्वी काळा रंग साधणे जिकिरीचे होते. कापड निळीत वारंवार बुडवून गडद करीत किंवा हिरड्याच्या काढ्यात भिजवून, गुळाच्या पाण्यात लोखंड आंबवून केलेल्या द्रावणातून काढीत. हिरड्यातील टॅनिनाचा लोहाशी संयोग होऊन काळा रंग बसे. परंतु त्याच लोहामुळे धागा कालांतराने कुजे. जॉन लाइटफुट यांच्या अ‍ॅनिलीन काळ्या रंगाने (१८६३) व पुढे गंधकयुक्त काळ्या रंगांनी हे काम स्वस्त केले. बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा हा वऱ्हाडच्या कापूसपट्ट्यातील भाग. नागपूरपर्यंतचा लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाल्यावर या पट्ट्यातील कापूस मुंबईकडे नेणे सुलभ झाले आणि त्याच मार्गाने गिरणीचे कापड परत येऊ लागले. नागपूरची एंप्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली. हातमागाच्या लुगड्यांना गिरणीच्या लुगड्यांशी स्पर्धा करावी लागली, ती याच काळात.

चंद्रकळेचे खरे वैशिष्ट्य तिच्या रंगाच्या सामाजिक अर्थात आहे. हिंदू मंगलकार्यांत काळे वस्त्र वर्ज्य मानतात. तरीही नववधूला पहिल्या मकरसंक्रांतीला तेच नेसवून हलव्याचे दागिने घालतात. काळ्यावर पांढरा हलवा उठून दिसतो, हे एक कारण. काळा रंग उष्णता शोषून घेतो म्हणून थंडीत तो नेसतात, असेही स्पष्टीकरण देतात; पण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतची हळदीकुंकवे बहुधा सायंकाळी होतात, त्यामुळे ते पुरेसे वाटत नाही. मंगळसूत्रातील काळे मणी, बालकाची काजळाची तीट आणि बोरन्हाणातील काळे झबले यांवरून अनिष्ट दृष्टीपासून रक्षण करणारा रंग म्हणूनही काळ्याकडे पाहिले जाई, हे दिसते. शिवाय महाराष्ट्रातील ब्राह्मणादी जातींत केशवपन केलेल्या विधवेचे वस्त्र तांबडे आलवण होते, काळे नव्हे. वैधव्याची खूण दुसऱ्या रंगाकडे असल्याने काळा रंग सुवासिनीला मोकळा राहिला.

यूरोपातील स्थिती याउलट होती. तेथे काळा रंग शोकाचा. राणी व्हिक्टोरियाने पतिनिधनानंतर (१८६१) मृत्यूपर्यंत (१९०१) काळी वस्त्रेच वापरली. फ्रेंच वेशकल्पक कोको शानेल हिचा साधा काळा झगा १९२६ मध्ये अमेरिकन व्होग नियतकालिकात झळकला, आणि दिवसा व सायंकाळीही चालणारा पोशाख म्हणून पुढे तो रूढ झाला. शोकचिन्हापासून सुटण्यासाठी तेथे काळ्याला जो प्रवास करावा लागला, तो चंद्रकळेला करावा लागला नाही.

नऊवारीचा नित्य वापर विसाव्या शतकात ओसरत गेला, तशी चंद्रकळाही रोजच्या वापरातून गेली. संक्रांतीच्या सुमारास मात्र काळ्या सहावारी साड्यांना मोठी मागणी असते, व काळ्या पैठणीलाही चंद्रकळा म्हणण्याचा प्रघात पडला आहे. विवाहविधीत वधूसाठी काळे वस्त्र आजही सहसा टाळले जाते.