वसईचा बंधु गोन्सालो आणि आमचीं मुलें

महोत्सवाच्या पुस्तिकेंत धर्मग्रामाचा वृत्तांत, धर्मगुरूंची नामावळी व देणगीदारांचे आभार यांस जागा असतेच. त्यांच्या शेजारीं दोन पानें आमच्या तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठीं राखावीं, असें आम्हांस वाटलें. दृढीकरणाच्या वर्गांत त्यांस नम्रता व सेवा हे सद्गुण शिकवावयाचे असतात. आणि शिकविणारा जर कोठें अडखळत असेल, तर तो याच ठिकाणीं.

कारण उघड आहे. आपला बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्या काळीं वेठ या शब्दाचा अर्थ कोणास समजावून द्यावा लागत नसे. अंमलदाराचें ओझें वाहणें, रात्रींबेरात्रीं गांवाचा निरोप घेऊन धांवणें, मेलेलें ढोर ओढणें, हीं कामें ज्यांच्या वांट्यास आलीं त्यांचींच पतवंडें आज आमच्या वर्गांत बसतात. त्यांस आपण "सेवक व्हा, शेवटची जागा घ्या" असें सांगूं लागलों, तर "आमच्या पणज्यानें दुसरें काय केलें?" असा प्रश्न त्यांच्या मनांत आल्यास नवल काय? म्हणून नम्रता व लाचारी यांतील भेद आधीं दाखवावा लागतो. तो व्याख्येनें दाखवितां येत नाहीं. त्यास एखाद्या माणसाचें चरित्रच पुढें ठेवावें लागतें. असें चरित्र शोधण्यास फार दूर जावयास नको. तें आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर, वसईस सुरू होतें.

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म इ. स. १५५७ च्या सुमारास वसईस झाला. बाप पोर्तुगीझ, आई इकडील. वसई तेव्हां पोर्तुगीझांच्या ताब्यांत होती व किल्ल्यांत येशूसंघीय धर्मगुरूंची शाळा होती. तेथें हा मुलगा शिकला. वय पंधरा वर्षांचें, म्हणजे आमच्या वर्गांतील मुलांएवढेंच, झालें असेल नसेल, तोंच त्यानें गुरूंबरोबर जहाजांत पाय ठेविला व तो जपानास गेला. तेथील भाषा त्यानें इतकी आत्मसात केली, कीं सुमारें आठ वर्षें तो जपानी लोकांस धर्मशिक्षण देत राहिला. येशूसंघांत प्रवेश मिळावा, हीच एक त्याची इच्छा होती. ती पुरी झाली नाहीं. कारण कांहीं असो. आठ वर्षें राबलेल्या तरुणास दार उघडलें नाहीं, एवढें खरें.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. अपमान झाला कीं माणूस एक तर कडवट होतो, नाहीं तर कमरेंत वांकतो. गोन्सालोनें दोन्ही केलें नाहीं. तो व्यापारास लागला. भाषा अवगत, ओळखी मोठ्या, हात सचोटीचा. त्याचा व्यापार भरभराटला व जहाजें पूर्वेकडील बंदरांतून फिरूं लागलीं. लाचार मनुष्याच्या हातून असें होत नसतें. पुढें फिलिपिन्स बेटांतील मनिला येथें त्याची फ्रान्सिस्कन मठवाशांशीं गांठ पडली आणि मिळविलेलें सर्व सोडून तो त्यांच्या मठांत साधा बंधु झाला. धर्मगुरुपद नाहीं, पायांत वहाण नाहीं, अंगावर जाडेंभरडें वस्त्र. ज्याच्यापाशीं सोडण्यासारखें कांहीं होतें, त्यानें तें स्वखुषीनें सोडलें. वेठ आणि सेवा यांमधील रेषा येथें स्पष्ट दिसते: वेठ दुसरा लादतो, सेवा आपण पत्करतों.

१५९३ सालीं मनिलाच्या सुभेदारानें जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याजकडे वकील पाठविले. त्यांचे प्रमुख फादर पेद्रो बाप्तिस्ता होते. परंतु जपानी भाषा उत्तम जाणणारा म्हणाल तर बंधु गोन्सालो. सहा वर्षांपूर्वी, १५८७ मध्यें, ज्यानें धर्मप्रसारकांस देश सोडण्याचा हुकूम दिला होता, त्याच हिदेयोशीपुढें उभें राहून हा अनवाणी बंधु बोलला. फिलिपिन्सनें माझें मांडलिकत्व पत्करावें, अशी त्या सत्ताधीशाची मागणी होती. अशा माणसापुढें वरिष्ठांचे शब्द न वाढवितां, न घटवितां पोंचविणें, हें दुभाष्याचें काम. दुसऱ्याचा आवाज होऊन राहण्यांत किती नम्रता लागते, हें ज्यानें एकदां तरी दुभाष्याचें काम केलें आहे त्यासच कळेल. शिवाय हेंही ध्यानांत घ्यावें, कीं ज्या देशांत पूर्वी शिक्षक म्हणून व पुढें व्यापारी म्हणून लोकांनीं त्यास ओळखलें, त्याच देशांत तो आतां भिक्षेकऱ्याच्या वेषानें वावरत होता.

क्योतो येथें राहण्याची परवानगी मिळाली. मठवाशांनीं तेथें मंदिर बांधलें आणि त्याच्या लगत संत आन्ना व संत योसेफ यांच्या नांवांचीं दोन रुग्णालयें उभारलीं. त्यांत मुख्यत्वें महारोगी येत. महारोग्यास घरांतून व गांवांतून बाहेर काढण्याची रीत जपानांत होती, आपल्याकडेही होती. त्यांच्या जखमा धुण्याचें काम गोन्सालो व त्याचे सोबती करीत. त्यांस हातभार लावणारे जपानी प्रापंचिक कोण होते? एक वैद्य होता, एक आचारी होता, तलवारींस धार लावणारा एक होता, धनुष्यें करणारा एक होता. याच मंडळींत तीन मुलगेही होते. लुईस इबाराकी बारा वर्षांचा. अंतोनी तेरा वर्षांचा, बाप चिनी व आई जपानी. आणि धनुष्यें करणाऱ्या मिगेल कोझाकी याचा मुलगा थॉमस, चौदा-पंधरा वर्षांचा.

१५९६ च्या शरद ऋतूंत सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश जहाज तोसाच्या किनाऱ्यास लागून फुटलें. त्यावरील मालाच्या जप्तीवरून कलागती वाढल्या व हिदेयोशीचा जुना राग पुन्हां भडकला. डिसेंबरांत धरपकड झाली. जानेवारी १५९७ मध्यें क्योतोच्या रस्त्यावर चोवीस बंदिवानांच्या डाव्या कानाची पाळी कापण्यांत आली आणि त्यांस कडाक्याच्या थंडींत नागासाकीकडे चालविलें. वाटेंत आणखी दोघे मिळाले. असे सव्वीस जण: सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय, सतरा जपानी प्रापंचिक. प्रवास सुमारें एक महिन्याचा होता. वाटेंत मिहारा येथील किल्ल्यांत थॉमसनें आईस पत्र लिहिलें. आपली चिंता करूं नये, धाकट्या दोघां भावांस जपावें, एवढेंच त्याचें मागणें. तें पत्र पुढें बापाच्या रक्तानें माखलेल्या वस्त्रांत सांपडलें. मरणाच्या वाटेवर असलेल्या मुलाच्या पत्रांत स्वतःविषयीं गाऱ्हाणें नाहीं, यापुढें आमचीं नम्रतेवरील प्रवचनें फिकीं पडतात.

५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या टेंकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले. लुईसला, धर्म सोडशील तर जीव वांचेल, असें अधिकाऱ्यानें सुचविलें; त्यानें तें नाकारलें आणि आपला क्रूस कोणता तें विचारलें. अंतोनीनें क्रूसावरून ११३ वें स्तोत्र म्हटलें, अशी परंपरा आहे. देव दीनास धुळींतून उठवितो व अधिपतींच्या पंक्तीस बसवितो, हा त्या स्तोत्राचा आशय. उकिरड्याच्या कडेस ज्यांस वस्ती करावी लागली, त्यांच्या वंशजांस तो आशय फोडून सांगण्याची गरज नाहीं. गोन्सालोसही त्याच दिवशीं भाल्यांनीं भोंसकून ठार मारण्यांत आलें. १६२७ सालीं त्यास धन्यवादित व ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं संत म्हणून जाहीर केलें. आपल्या देशांत जन्मलेला तो पहिला संत. १९९८ सालीं स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांताचा तो आश्रयदाता असून गास गांवीं त्याच्या नांवाचें मंदिर आहे.

आतां आमच्या वर्गाविषयीं. पवित्र गुरुवारीं पाय धुण्याचा विधि होतो तेव्हां पुष्कळ ठिकाणीं बारा प्रतिष्ठित मंडळी पुढें बसविण्यांत येतात, तींही घरून पाय स्वच्छ धुऊन. २८ मार्च २०१३ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं रोमच्या बाल-कारागृहांत जाऊन बारा तरुण बंदिवानांचे पाय धुतले, त्यांत दोन मुली होत्या. असें एक उदाहरण मुलांस दहा धड्यांएवढें शिकवितें. मंदिराचें आंगण झाडावयास लावून त्यास नम्रतेचा पाठ म्हणणें आम्हांस पटत नाहीं. झाडणें चांगलेंच, पण तें मोठ्यांनींही मुलांबरोबर झाडावें.

महारोग आज औषधांनीं बरा होतो; जागतिक आरोग्य संघटनेनें १९८१ सालीं एकत्रित औषधोपचाराची शिफारस केल्यापासून तर त्याचें भय पुष्कळ ओसरलें. तेव्हां मुलें विचारतात, कीं आम्हीं कोणाच्या जखमा धुवाव्या? उत्तर आपल्याच गांवांत आहे. दसरा-दिवाळी आटोपली, कीं मुकादमाची उचल घेतलेलीं कुटुंबें ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. मागें राहतात ते म्हातारे, आजारी आणि शाळेसाठीं ठेविलेलीं मुलें. अंथरुणास खिळलेल्या म्हातारीस पाणी भरून देणें, तिची औषधाची चिठ्ठी वाचून दाखविणें, तिचें अंथरूण धुणें, हीं कामें चौदा वर्षांच्या मुलास जमण्यासारखीं आहेत. आणि तीं मुलगा-मुलगी असा भेद न करितां द्यावीं. घरचें धुणेंभांडें मुलींवर व मिस्सेची सेवा मुलांवर, अशी वांटणी करूं नये. जो मुलगा आईबापांबरोबर फडावर गेला आहे, त्यास मात्र सेवेचें आणखी एक काम सांगूं नये. उचल फेडण्यासाठीं कोयता चालविणाऱ्या पोरापुढें सेवेचें प्रवचन करणें बरें दिसत नाहीं. त्याचा बुडालेला अभ्यास भरून देणें, हीच तेथें मोठ्यांची सेवा.

या सव्वीस रक्तसाक्षींचा सण ६ फेब्रुवारीस येतो. तो हंगाम ऐन ऊसतोडीचा असल्यामुळें त्या दिवशीं वर्गांतील कित्येक जागा रिकाम्या असतात. यास्तव गोन्सालोची कथा आम्ही एकदां फेब्रुवारींत, मागें राहिलेल्या मुलांस सांगतों, आणि पट्टा पडून कुटुंबें परत आलीं म्हणजे दुसऱ्यांदा, सर्वांस.