पोटाशी बांधलेली पेटी : लाइफ जॅकेटचा इतिहास

१/
जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत, वावरसारख्या गावांच्या आसपास, उन्हाळ्याच्या तोंडी काटेसावरीची बोंडे उकलतात आणि पांढरा कापूस वाऱ्यावर पसरतो. हा कापूस उशांत भरतात, हे अनेकांना ठाऊक असते. त्याच जातीच्या तंतूने एके काळी जगभरातील खलाशांना पाण्यावर तरंगत ठेवले होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. आजचा थ्रेड लाइफ जॅकेटच्या इतिहासावर.

२/
विषय डोंगराला परका नाही. मोखाड्याकडून वाहणारी वैतरणा अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळते. पालघर जिल्ह्यातील अनेक आदिवासी तरुणही मासेमारीच्या हंगामात त्याच दिशेने उतरतात आणि बोटींवर खलाशी म्हणून काम करतात. कोळीवाड्यातील मूल लाटांच्या सोबतीने वाढते. डोंगरातल्या मुलाला समुद्र प्रथम भेटतो तो कामाच्या ठिकाणीच.

३/
आरंभ आपल्या भाषेतूनच करू. आपण ‘सांगड घालणे’ म्हणतो. ही सांगड मुळात पाण्यावरची. दोन होड्या, ओंडके किंवा वाळलेले भोपळे एकत्र बांधून केलेला तरंगता आधार म्हणजे सांगड. विहिरीत पोहायला शिकणाऱ्या मुलांच्या कमरेला सुकलेले भोपळे बांधण्याची रीत महाराष्ट्रात अगदी अलीकडेपर्यंत होती. आत हवा, बाहेर कठीण कवच. तत्त्व आजच्या जॅकेटचेच.

४/
याहून जुना पुरावा ज्ञानेश्वरीत आहे. शके १२१२ मधील, म्हणजे इ.स. १२९० मधील हा ग्रंथ. बाराव्या अध्यायात भक्तांना संसारसागरातून पार नेण्याचे रूपक येते. एकट्या माणसाला कासेला लावले जाते, संसारी माणसांना तराफ्यावर बसवले जाते आणि काहींच्या पोटाला प्रेमाची पेटी बांधून त्यांना तीरावर आणले जाते.

५/
येथे जरा थांबू. श्रोत्यांना पोटाला बांधायची तरंगती पेटी परिचयाची असल्याशिवाय असे रूपक उभेच राहत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. तराफा वेगळा, पेटी वेगळी. तराफ्यावर माणूस बसतो, पेटी माणसाला बांधलेली असते. तराफा उलटला तर माणूस पाण्यात जातो, पेटी मात्र त्याच्यासोबत राहते. पुढचा सारा इतिहास या एका भेदाभोवती फिरतो.

६/
आधुनिक लाइफ जॅकेटची कथा बहुधा ब्रिटनपासून सांगितली जाते. तेथील जीवरक्षक नौकांच्या संस्थेचे निरीक्षक कॅप्टन वॉर्ड यांनी १८५४ साली बुचाचे तुकडे शिवलेले जॅकेट तयार केले. ते जाड होते, अवजड होते, वल्हे मारताना अडचण करणारे होते. दर्यावर्दी मंडळींनी ते सहजासहजी स्वीकारले नाही.

७/
९ फेब्रुवारी १८६१. इंग्लंडमधील व्हिटबी बंदर. वादळात सापडलेल्या जहाजांवरील माणसांना वाचवण्यासाठी जीवरक्षक नौका दिवसभर फेऱ्या करत होती. अखेरच्या फेरीत तीच उलटली. तेरापैकी बारा जण गेले. वाचला तो हेन्री फ्रीमन. नवे बुचाचे जॅकेट त्या दिवशी त्याच्या एकट्याच्या अंगात होते. समुद्र तोच, नौका तीच. फरक होता तो अंगातल्या वस्तूचा.

८/
आता आपल्या किनाऱ्याकडे. मोखाड्याच्या नदीचेच नाव एका आगबोटीलाही होते : ‘वैतरणा’. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छमधील मांडवीहून मुंबईला येताना ती सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत वादळात सापडली आणि सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. नंतरच्या चौकशीत जीवरक्षक नौका आणि जॅकेटे अपुरी असल्याचे पुढे आले. बोटीवर विजेचे दिवे होते, पण प्रवाशांना पुरेल इतके बूच नव्हते.

९/
१७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. गटारी अमावास्येच्या सकाळी ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि मुंबईपासून थोड्याच अंतरावर पावसाळी समुद्रात कलंडली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. जे वाचले, त्यांपैकी अनेकांना कोळ्यांच्या होड्यांनी उचलले. रेवस काही परदेश नव्हे, सणाला गावी जाण्याची ती नेहमीची वाट होती. ‘जवळच तर जायचे आहे’ या समजुतीची किंमत त्या दिवशी कळली.

१०/
दरम्यान बुचाची जागा ‘कपोक’ने घेतली होती. कपोक म्हणजे सावरीच्या जवळच्या नात्यातील झाडाचा कापूस. काटेसावरीच्या कापसालाही व्यापारात ‘इंडियन कपोक’ म्हणतात. याचा तंतू आतून पोकळ असतो आणि त्यावर मेणासारखा लेप असतो. त्यामुळे पाणी सहज आत शिरत नाही आणि तंतू स्वतःच्या वजनाच्या अनेक पट भार तोलतो. बुचापेक्षा हलका आणि मऊ असल्याने तो अंगातही नीट बसतो.

११/
कपोकचा मोठा पुरवठा जावा बेटावरून होई. १९४२ मध्ये ते जपानच्या ताब्यात गेले आणि अमेरिकेच्या नौदलापुढे प्रश्न उभा राहिला. १९४४ मध्ये तेथील शाळकरी मुलांना रानातील ‘मिल्कवीड’ची बोंडे गोळा करायला सांगण्यात आले. दोन पोती बोंडांमागे एक जीव वाचतो, असा प्रचार होता. ही वनस्पती आपल्या रुईच्या कुळातील. बोंडातून उडणाऱ्या ज्या म्हातारीमागे आपण लहानपणी धावतो, तशाच म्हाताऱ्या तिकडे जॅकेटात भरल्या गेल्या.

१२/
युद्धानंतर कृत्रिम फोम आला आणि झाडांची गरज संपली. जॅकेट स्वस्त झाले, टिकाऊ झाले. मग प्रश्न सुटला का?

१३/
मे २०२१. तौक्ते चक्रीवादळात मुंबई हायजवळ ‘पी-३०५’ हा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. नौदल आणि तटरक्षक दलाने १८६ जणांना वाचवले. त्यांतील अनेकांनी अंधारात, उसळत्या समुद्रात, जॅकेटाच्या आधाराने तासन्‌तास काढले होते. प्राण मात्र सर्वांचे वाचले नाहीत. जॅकेट जीवनाची हमी देत नाही, ते वेळ मिळवून देते. शोधणारी बोट येईपर्यंत तोंड पाण्याबाहेर ठेवते, इतकेच. पण तेवढ्यावरच सारे अवलंबून असते.

१४/
याउलट जानेवारी २०१८. डहाणूच्या किनाऱ्याजवळ शाळकरी मुलांची बोट उलटली आणि तीन विद्यार्थिनी गेल्या. मुलांच्या अंगात जॅकेटे नव्हती, अशा बातम्या तेव्हा आल्या. वादळ नव्हते. किनारा जवळच होता.

१५/
मच्छीमार जॅकेट का घालत नाहीत? ‘बेफिकिरी’ हे फार सोपे उत्तर झाले. जाळे ओढताना जाड जॅकेट आडवे येते, पट्टे जाळ्यात अडकतात, उकाड्यात अंग भिजून निघते. व्हिटबीच्या वल्हेकऱ्यांचीही हीच अडचण होती. म्हणून जॅकेट केबिनमध्ये, खोक्यांखाली पडून राहते. माणूस मात्र जाळे टाकताना, ओढताना, क्षणात पाण्यात जातो. तेव्हा केबिनमधले जॅकेट त्याच्या काय उपयोगाचे?

१६/
म्हणून निवडताना कामाचा विचार आधी करावा. जॅकेटाची तरंगशक्ती न्यूटनमध्ये लिहिलेली असते. ५० न्यूटनचे जॅकेट किनाऱ्यालगत पोहता येणाऱ्यासाठी, १०० चे शांत पाण्यासाठी, १५० चे खोल समुद्रासाठी. बेशुद्ध माणसाला उताणे करून तोंड वर ठेवणारी मागची कॉलर, शिटी आणि चमकणाऱ्या पट्ट्या पाहाव्यात. जाळ्यावर काम करणाऱ्यास अंगाशी चपखल बसणारे फुगणारे जॅकेट सोयीचे पडते, पण त्याचे सिलिंडर वेळोवेळी तपासावे लागते.

१७/
मापाची परीक्षा सोपी आहे. जॅकेट घालून सर्व पट्टे आवळा, दोन्ही हात वर करा आणि कोणाला तरी खांद्यापाशी ते वर ओढायला सांगा. ते हनुवटीपर्यंत सरकले तर पाण्यात निघून जाईल. मोठ्या माणसाचे जॅकेट मुलाला घालू नये. फोमच्या जॅकेटाची बसायला गादी करू नये, कारण दबलेल्या फोमची तरंगशक्ती कमी होते. खारे पाणी धुऊन ते सावलीत वाळवावे.

१८/
भोपळा, बूच, सावरीचा कापूस, फोम. सातशे वर्षांत पेटीच्या आतले सारे बदलले. बदलला नाही तो ज्ञानेश्वरीतला तपशील : पेटी पोटाला बांधलेली असते, आणि ती तीर गाठण्याआधी बांधावी लागते. डोंगरातून पहिल्यांदा बोटीवर चढणाऱ्या मुलाला कोणी एकच गोष्ट शिकवणार असेल, तर ती हीच शिकवावी.