काच कोण धरून ठेवतं?

परळी–बीड रस्त्यावर सिरसाळ्यात एका गॅरेजपाशी गाडी बाजूला घेतली, कारण ड्रायव्हरच्या दाराची काच अर्ध्यावर थांबली होती. बटण दाबलं तर हूं नाही की चूं नाही. तेवढ्यात शेजारून राखेचा टिप्पर गेला आणि सीटवर करडा थर बसला. परळीच्या औष्णिक वीज केंद्राची राख या रस्त्यांना नवी नाही. उघड्या काचेतून ती थेट मांडीवर येते.

“मोटर गेली बघा,” मी म्हणालो.

मिस्त्री हसला. “काका, सगळे हेच म्हणतात. आधी दाराचं ऐकू द्या.”

तो दाराला कान लावून बसला आणि मी विचार करत राहिलो. काच वर नेणं फार अवघड नाही, दोन तळव्यांत धरून रेटली तरी ती सरकते. खरी अडचण तिला वर ठेवण्याची. गाडी खड्ड्यांतून आदळत असताना काच आपल्या वजनानं खाली यायला बघते, तेव्हा तिला धरून कोण ठेवतं? गाडीच्या खिडकीची कुळकथा याच प्रश्नाभोवती फिरते.

घराच्या खिडकीला हा प्रश्न कधी पडला नाही. तिथल्या काचेला आपण तावदान म्हणतो. फारसी ‘ताबदान’ मराठीत रुळून तावदान झालं. ‘ताब’ म्हणजे प्रकाश, तेज. तावदान चौकटीत बसलं की बसलं. गाडीची काच मात्र रोज चढते-उतरते, म्हणून तिला कुणी तावदान म्हणत नाही. ती नुसती काच.

युरोपातल्या बंद घोडागाड्यांत आणि जुन्या आगगाड्यांत काचेच्या खालच्या कडेला चामड्याचा पट्टा असे. पट्टा ओढला की काच वर येई. मग पट्ट्यातलं भोक खुंटीत अडकवायचं. काच धरायची ती त्या खुंटीनं. सुरुवातीच्या बंद मोटारींनी हीच युक्ती उचलली. आपल्या रेल्वेच्या जुन्या डब्यात खिडकीचं झाप वर करताना दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबाव्या लागतात. तेही त्याच कुळातलं.

खुंटीची खोड अशी की काच ठरलेल्या जागीच थांबते. कुठंही थांबायची सोय फिरत्या हँडलनं आणली. पण हँडल सोडल्यावर काचेच्या वजनानं तेच उलटं फिरायला लागलं तर? जर्मनीतल्या कोबुर्गच्या ब्रोजे कंपनीनं 1928 साली आवळत्या स्प्रिंगच्या ब्रेकचं हँडल कारखान्यात बनवायला घेतलं. माणसानं हँडल फिरवलं की गुंडाळलेली स्प्रिंग सैल होते. काचेनं खालून ओढलं की तीच स्प्रिंग घट्ट आवळते. हात आणि वजन यांतला फरक त्या स्प्रिंगला कळतो. कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी असो की 1983 साली आलेली मारुती 800, काच वर घ्यायची तर हँडल फिरवायचं, हे आपल्याकडे दोन पिढ्यांच्या मनगटात बसलं होतं.

अमेरिकेत श्रीमंतांना तेवढेही कष्ट नको होते. 1940 च्या पॅकार्ड 180 मध्ये विजेच्या पंपानं तेलावर दाब यायचा आणि तो दाब काच उचलायचा. म्हणजे काच आता तेलाच्या भरवशावर उभी. असा भरवसा गळका असतो. अशा यंत्रणांत तेल पाझरायचं आणि दाब उतरायचा. 1951 च्या क्रायस्लर इंपीरियलनं तेलाला रजा दिली आणि काचेला विजेची मोटर जोडली. युरोपात 1956 साली आलेल्या बीएमडब्ल्यू 503 मध्येही विजेवर चालणाऱ्या काचा होत्या. आपल्याकडे पुण्यात बनलेल्या टाटा सिएरानं 1991 साली पॉवर विंडो आणली. पुढं 2002 साली नाशिकहून स्कॉर्पिओ निघाली आणि मराठवाड्याच्या गावागावांतल्या लोकांचं बोट हँडलवरून बटणावर आलं.

पण मोटर नुसती फिरते, धरून ठेवत नाही. 12 व्होल्टवर ती भरभर फिरते आणि वीज तोडली की मोकळी होते. धरायचं काम तिच्या दांड्यावर कोरलेलं मळसूत्र करतं. मिस्त्री त्याला वर्म गिअर म्हणतात. मळसूत्राचे कित्येक फेरे झाले तेव्हा दातेरी चाक एकदा फिरतं. वेग घटतो, ताकद वाढते. आणि आट्यांचा उतार इतका कमी असतो की चाकानं कितीही जोर लावला तरी ते मळसूत्राला उलटं फिरवू शकत नाही. किल्ली काढून घेतली, वीज बंद झाली, तरी काच जागच्या जागी राहते.

मळसूत्राचं हे कूळ आपल्या कपाशीच्या मुलखाला परकं नाही. अजिंठ्याच्या चित्रांत लाटण्यासारख्या एकाच रुळानं सरकी वेगळी करण्याचं दृश्य अभ्यासकांना दिसलं आहे. पुढं दोन रुळांची चरखी आली. तिच्या लाकडी रुळांच्या टोकांना आटे कोरलेले असत. ते एकमेकांत अडकले की एकाच मुठीनं दोन्ही रूळ उलटसुलट फिरत, कापूस पुढं जाई आणि सरकी मागं राही. अशी चरखी मोगल काळापर्यंत भारतात रुळली होती. तिच्यातले आटे फिरवाफिरवीसाठी होते, मोटरीतले आटे धरून ठेवण्यासाठी आहेत. कामं निराळी, कूळ एक.

या पकडीला एक काळी बाजूही आहे. मळसूत्राला बोट आणि रबर यांतला फरक कळत नाही. खिडकीतून डोकावणाऱ्या मुलाचा गुडघा बटणावर पडून काच वर चढल्याचे जीवघेणे अपघात झाले. म्हणून अमेरिकेनं 2005 साली कायदा केला, की काच बंद करायची तर बटण वर ओढावं लागलं पाहिजे, चुकून दाबलं जाता कामा नये.

इकडं मिस्त्रीचं ऐकून झालं होतं. “‘टक्’ झालं असतं अन् आतला दिवा मंदावला असता, तर वीज येतीय पण काच अडकलीय म्हटलं असतं. नुसती खरखर आली असती, तर मोटर फिरतीय पण काच उचलणाऱ्या मशीनचे दाते गेलेत. इथं काहीच नाही.” त्यानं फ्यूज पाहिला, तो ठीक. दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीतल्या वायरी चाचपल्या. दार हजारदा उघडून-मिटून त्या तिथंच तुटतात. त्याही शाबूत. मग डोअर पॅड काढून मोटरीच्या कपलरला टेस्ट लॅम्प लावला. बटण वर केलं, दिवा लागला. खाली केलं, तरीही लागला. वीज दारापर्यंत येऊन थांबत होती. शेवटी कपलर परत जोडून, बटण वर धरून, त्यानं मोटरीवर मुठीनं ठोकलं. काच चार बोटं चढली.

“मोटरीतले कार्बन झिजले,” तो म्हणाला. “पण ते का झिजले ते इथं बघा.” काचेच्या कडेच्या रबरात राख आणि काळ्या मातीची पुटं बसली होती. मराठीत दोरीचाही काच असतो. इथं काचेलाच रबराचा काच होत होता, आणि त्याची किंमत मोटर देत होती.

ठोकत ठोकत त्यानं काच पूर्ण वर नेली आणि चिकटपट्टीचे दोन पट्टे काचेवरून चौकटीला आवळून लावले. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, प्लॅस्टिकचा पडदा अलगद सोडवला, कारण दारात झिरपणारं पावसाचं पाणी तोच अडवतो. मशीनच्या दातेरी पंज्याला त्यानं आधी खिळा घालून अडकवलं. मोटर निघाली की मळसूत्राची पकड सुटते आणि ताणलेली स्प्रिंग पंजा फिरवून बोटं चेचते. मग तीन स्क्रू काढून मोटर बाहेर घेतली.

पुढची दहा मिनिटं काच फक्त त्या दोन पट्ट्यांवर होती. इतक्या युक्त्या करून शेवटी काच पुन्हा पट्ट्यावरच आली, चामड्याच्या जागी चिकटपट्टी एवढाच फरक.

नवी मोटर बसली. रबर पुसून त्यावर सिलिकॉन मारलं. पट्टे काढून काच खाली-वर केली. मग मिस्त्रीनं ती अर्ध्यावर थांबवली, किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि काचेच्या कडेवर तळवा ठेवून सगळं वजन टाकलं.

काच हलली नाही.

“आता वर्म गिअरनं धरलं,” तो म्हणाला.