सोनपेठची एसटी आणि हवेतला कार्बन

सोनपेठ शहराला रेल्वे नाही. परभणी-परळी मार्ग गंगाखेडवरून निघून जातो. त्यामुळे कॉलेज असो, दवाखाना असो की कोर्टाची तारीख, इथून निघायचं ते रस्त्यानेच.

हा भाग पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जून १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेने स्वतःचं बसखातं सुरू केलं, २७ बस आणि १६६ कर्मचाऱ्यांवर. आगगाडी आणि बस एकाच खात्याच्या होत्या. मुंबई प्रांतातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला गेली, तेव्हा मराठवाडा अजून निजामाकडेच होता. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि इथली बससेवाही. पुढे 'गाव तिथे एसटी' झाली.

तेव्हा हवामान बदलाचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता. एका गाडीत चाळीस माणसं न्यायची, एवढंच. आज तोच हिशेब कार्बनचा झालाय.

एक लिटर डिझेल जळालं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एसटी लिटरमागे साडेचार किलोमीटर जाते असं धरू. चाळीस प्रवासी असतील तर किलोमीटरला माणशी १५ ग्रॅम. पन्नासचं ॲव्हरेज देणाऱ्या बाइकवर एकटे निघालात तर ४६ ग्रॅम. एकट्याची कार दीडशेच्या घरात. पण एसटीत दहाच जण असतील तर माणशी ६० ग्रॅम, म्हणजे बाइक परवडली! गाडी बेभरवशाची म्हणून लोक बाइक घेतात, आणि प्रवासी घटले म्हणून फेऱ्या कमी होतात. खरी अडचण इथे आहे.

हवेत गेलेला कार्बन परत काढता येतो का? येतो. आइसलँडमधला 'ओर्का' प्रकल्प २०२१ मध्ये सुरू झाला. त्याची ठरलेली क्षमता वर्षाला ४,००० टन, म्हणजे साधारण १५ लाख लिटर डिझेलचा धूर. आपल्या एसटीला रोजच दहा लाख लिटरच्या आसपास डिझेल लागतं. ओर्काची वर्षभराची मेहनत एसटी दीड दिवसात संपवते! झाडं स्वस्तात हे काम करतात, पण त्यांना वाढायला वर्षं लागतात, आणि तोडून जाळली की साठलेला कार्बन पुन्हा हवेत.

१ जून २०२२ रोजी त्याच पुणे-नगर मार्गावर विजेची 'शिवाई' धावली. चांगलंच आहे. पण शेजारच्या परळीत १९७१ पासूनचं औष्णिक केंद्र कोळशावर चालतं, आणि २०१५ च्या दुष्काळात तेही पाण्याअभावी बंद पडलं होतं. वीज कोळशाची असेल तर स्टँडवरचा धूर चिमणीवर जातो, इतकंच.

म्हणून १९३२ ची ती जुनी जोडणी आठवावी. गंगाखेडच्या आगगाडीची वेळ धरून सोनपेठहून एसटी सुटली, आणि रोज सुटली, तर कॉलेजची पोरं बाइकची किल्ली घरी ठेवतील. जो कार्बन हवेत गेलाच नाही, तो परत काढायला कुठलं यंत्र लागत नाही.